आपण तिथं जेवलो होतो

भाल्या, काल तुझी शोकसभा झाली. तुला ती आवडली नसती. किंवा आवडलीही असती, तुझं काही सांगता येत नव्हतं. हॉटेलवाल्यांच्या संघटनेनं ठेवली होती, त्यांच्यातल्याच एकाच्या पंचतारांकित हॉटेलात, तळमजल्यावरच्या गारढोण हॉलमध्ये. तुझ्या फोटोला घातलेल्या हारातली फुलं कुठली होती ते फुलवाल्यालाही सांगता आलं नसतं. दाराबाहेरच्या पाटीवर वर तुझं नाव होतं आणि खाली कुठल्याशा औषध कंपनीच्या परिषदेचं, दोन्हींना मिळून एकच बाण. वहिनी पहिल्या रांगेत अंग चोरून बसल्या होत्या आणि वेटर त्यांना तिसऱ्यांदा विचारत होता, चहा की कॉफी.

संघटनेचा सेक्रेटरी बोलला. तोच तो, चंदनाच्या वासाचा, ज्याला आपण खाजगीत अत्तरदाणी म्हणायचो. म्हणाला, "राष्ट्रीय पर्यटन धोरणाचा एक शिल्पकार आज आपल्यातून निघून गेला." शिल्पकार! मला हसू आवरेना म्हणून मी तोंडावर रुमाल धरला, तर शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. दुखवट्याचा ठराव माझ्याकडूनच टाइप करून घेतला होता, सभेच्या आदल्या दिवशी. 'उपस्थितांना अश्रू अनावर झाले' हे वाक्य त्यात होतं. उपस्थित अजून यायचे होते. त्यांनी पाठवलेला मजकूर मी होता तसा टाइप करून दिला. तीस वर्षं दुसरं काय केलंय?

तुझ्याबद्दल तिथं कुणी खरं बोललं नाही. मीही बोललो नाही. म्हणून आज रजा टाकली आणि एका माणसाला भेटून आलो. त्याआधी जरा मागचं बोलू दे, कारण जिवंतपणी आपण त्यातला नेमका एक तुकडा सोडून बाकी सगळं बोललो.

आपण एकाच दिवशी कारकून म्हणून चिकटलो. तू खात्याच्या परीक्षा देत देत डेस्क ऑफिसर झालास, मी लघुलेखक झालो तो झालोच. ऑफिसात मी तुला 'साहेब, आपण' म्हणायचो आणि संध्याकाळी बस खाडीपुलावर चढली की 'भाल्या'. वाशीत आपली इमारत तेव्हा निम्मी रिकामी. जिन्यात दिवे नव्हते, नळाला पाणी नव्हतं, डास मात्र आधीच राहायला आलेले. माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला त्या सकाळी तू रस्त्यात आडवा उभा राहून भाजीचा रिकामा ट्रक थांबवलास. मागे पोत्यांवर तिचं डोकं मांडीवर घेऊन तू बसलास. मी, तिचा सख्खा मुलगा, ड्रायव्हरशेजारी बसून रडत होतो. ती त्यातून उठली आणि सहा वर्षं जगली. तुझ्याबद्दल पुढे जे काही वाईट लिहिणार आहे ते लिहिताना हे मी विसरलेलो नाही.

मग ती उपसमिती आली. दिल्लीला राष्ट्रीय पर्यटन धोरण हवं होतं, एशियाडची गडबड होती, म्हणून प्रत्येक राज्याकडून शिफारशी मागवल्या होत्या. आपल्या समितीत सरकारचे चार आणि बाकी सगळे बाहेरचे: हॉटेलवाले, ट्रॅव्हल एजंट, विमानांची तिकिटं विकणारे आणि एक निवृत्त महाराजा, ज्याला राजवाड्याचं हॉटेल करायचं होतं. तू सदस्य-सचिव. मी कोपऱ्यात, शॉर्टहँडच्या वहीसकट. लोकांना वाटतं की सरकार धोरण ठरवतं आणि धंदेवाले येऊन हात जोडतात. उलटं होतं ते. शिफारशींचा मसुदा पहिल्या बैठकीआधीच अत्तरदाणीच्या ऑफिसातून तयार होऊन आला, पांढऱ्याशुभ्र बाँड पेपरवर. माझं काम एवढंच की तो आपल्या पिवळट, खरबरीत सरकारी कागदावर पुन्हा टाइप करायचा. कागद बदलला की मजकूर सरकारचा व्हायचा. हे मी चार वेळा केलं, आणि चारही वेळा त्यांच्या टायपिस्टच्या चुका सुधारल्या.

पर्यटक कोणाला म्हणायचं यावर तीन बैठका गेल्या, आठवतं? शेवटी असं निघालं की जो परदेशातून येतो, विमानानं येतो आणि गादीवर झोपतो तो पर्यटक. जेजुरीला जाणारा, माहेरवाशीण घेऊन समुद्र दाखवायला निघालेला, डब्यात पोळीभाजी बांधून लाँचनं लेणी बघायला जाणारा, हे सगळे नुसते गर्दी. तू तेव्हा हळूच विचारलंस, "साहेब, हे लोक घर सोडून जातात ते पर्यटन नाही, मग काय बदली?" दिल्लीहून आलेले साहेब हसले. महाराजाही हसला. अत्तरदाणी सगळ्यात जोरात हसला आणि इतिवृत्तात काहीच आलं नाही. तुझ्या विनोदांचं नेहमी असंच व्हायचं.

आणि मग तो पाहणी दौरा. द्रोणागिरीच्या डोंगराखालचं, खाडीकाठचं ते गाव. दगडमातीचा एक मोडका धक्का, भरतीला मचवे लागायचे आणि रविवारी, जत्रेला मुंबईची माणसं उतरायची. तिथं चार घरांतून त्यांना जेवण मिळायचं. पहिलं घर बारकूबाईचं. नवऱ्याची मिठागरातली मजुरी सुटल्यावर तिनं हे सुरू केलं होतं. आपली लाँच ओहोटीत अडकली, बरोबरचे सँडविचचे डबे उन्हानं आंबले, आणि राष्ट्राचं धोरण ठरवणारी मंडळी भुकेनं कासावीस झाली. बारकूबाईनं विचारलंही नाही आपण कोण. जिताड्याचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, वर सुक्या जवळ्याची चटणी. अत्तरदाणी म्हणाला, "घरी आम्ही कांदासुद्धा खात नाही हां," आणि चौथा तुकडा वाढून घेतला. दिल्लीचे साहेब बोटं चाटत होते. तू दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्यास आणि म्हणालास की तुझ्या आत्याच्या हाताची आठवण झाली.

ती दारात उभी राहून म्हणाली, "साहेब, यवडा धक्का नीट करून द्या. पानी उतरलं का बायामानसं चिखलातनं येतात. जेवनाचं आमी बघू, त्याची काळजी नको."

"बघतो," तू म्हणालास.

जेवण झाल्यावर लाँचवर बसून आपण छापील तक्ता भरला. भोजनाची सोय: तारांकित, मान्यताप्राप्त, नाही. तीनच रकाने. माझ्या हाताला अजून कालवणाचा वास येत होता. दिल्लीच्या साहेबांनी 'नाही'वर खूण करायला सांगितली. तू चुळबुळलास. म्हणालास, आत्ताच तर जेवलो. अत्तरदाणीनं तुझ्या खांद्यावर हात ठेवला. "प्रोफॉर्मा आहे साहेब. त्यात मावशीला कुठे बसवणार?"

मसुद्यात ते कलम आधीपासून होतंच: या किनाऱ्यावर भोजन-निवासाची कोणतीही सोय नाही, सबब धक्क्यासह किनारा एकात्मिक पर्यटन केंद्रासाठी राखून ठेवावा. आपण दौऱ्यावर जायच्या आधीपासून होतं. दौरा फक्त खूण करायला होता.

तू त्या पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलंस, 'येथे जेवलो. सोय आहे.' तुम्हा अधिकाऱ्यांची ही रीत मला कधीच पचली नाही. अडचणीचं जे असेल ते पेन्सिलीनं लिहायचं, फाइल वर जायच्या आधी लघुलेखकानं ते खोडायचं, म्हणजे लिहिल्याचं समाधान तुम्हाला आणि कचरा आम्हाला. खोडरबर माझ्याच ड्रॉवरमध्ये असायचा. बसमध्ये मी तुझ्यावर तुटून पडलो. शाईनं लिही, म्हणालो. तू खिडकीबाहेर बघत होतास. "शाईनं लिहिलं की ते माझं होतं, सावंता. पेन्सिलीनं लिहिलं की फाइलीचं असतं." मी तुला भेकड म्हणालो. पुढची दोन माणसं वळून बघायला लागली, तरी म्हणालो. भिजल्या मांजरासारखा बसतोस, एवढा पगार कशाचा घेतोस, वगैरे पुष्कळ. तू माझंही तिकीट काढलंस.

काही महिन्यांनी बारकूबाई फोर्टातल्या आपल्या ऑफिसात आली. किनारा राखीव होणार अशी नोटीस गावात लागली होती. पहाटेच्या मचव्यानं निघालेली, अनवाणी, कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलेलं. शिपायानं तिला तासभर बाहेर बसवलं. आत आली ती सरळ तुझ्या टेबलापाशी.

"तुमी जेवलाव का नाय माझे घरान?"

"जेवलो," तू म्हणालास.

"मंग लिवा ना, जेवलाव म्हून. खोटं लिवा असं मी सांगत नाय. धक्का गेला तं मचवे कुठं लागतील? आमी काय खायाचं?"

तू तिला बसायला सांगितलंस. ती बसली नाही. एवढंच तिचं मागणं होतं, भाल्या. एक ओळ. एका देशाच्या धोरणात महाराजाच्या झुंबरांसाठी पान होतं, बाहेरून मोटारी आणि एअरकंडिशनर आणण्याच्या सवलतींसाठी चार पानं होती, आणि या बाईला एक ओळ हवी होती, तीही खरी.

ती गेल्यावर तू बराच वेळ पेनाचं टोपण काढून बसलास. मग अंतिम मसुद्याच्या त्या पानावर, निळ्या शाईनं, सुवाच्य अक्षरात लिहिलंस: 'समितीने या गावी भोजन केले आहे. गावात सोय आहे आणि धक्क्यावर ग्रामस्थांची वहिवाट आहे. या शिफारशीस माझी असहमती नोंदवावी.' खाली पूर्ण सही, नुसती आद्याक्षरं नाहीत. फाइल माझ्याकडे दिलीस. "घे. आता बोल," म्हणालास. मला इतका आनंद झाला की मी कँटीनमधून दोन स्पेशल चहा मागवले. चहा संपेपर्यंत तो आनंद टिकला.

आता तो तुकडा.

दुपारी अत्तरदाणीचा फोन आला. तुला नाही, मला. "सावंतसाहेब, रिपोर्ट आज निघतोय ना? दिल्लीला क्लीन कॉपी जाऊ दे हां. खाडाखोड, हातानं लिहिलेलं काही नको, वाईट दिसतं." मग सहज म्हणाला, "आणि सुलभा बेटी एक तारखेला जॉइन होतेय ना? मॅनेजरला मी बोलून ठेवलंय. काही टेन्शन घेऊ नका."

माझ्या मुलीला, सुलभाला, त्याच्या हॉटेलात रिसेप्शनवर नोकरी लागणार होती. तीन वर्षं बी.ए. होऊन घरात बसली होती. ती नोकरी कुणी सुचवली, कशी ठरली, हे मी तुला धड सांगितलं नव्हतं. तुझ्या त्या ओळीचं अत्तरदाणीला कळलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. त्यानं धमकी दिली नाही. काही मागितलंही नाही. मी फोन ठेवला, नवा कागद मशीनला लावला आणि ते पान स्वच्छ टाइप केलं, तुझ्या ओळी वगळून. तुझं पान घडी करून डब्याच्या पिशवीत घातलं आणि घरी येऊन बंबात टाकलं. सरकार आणि बिनसरकारी मंडळी मिळून देशाचं धोरण कसं ठरवतात असं मला कुणी विचारलं, तर मला ते इतकंच ठाऊक आहे. वर झुंबरं बिंबरं असतील. खाली एक टायपिस्ट असतो आणि त्याला एक मुलगी असते.

मी ती प्रत सहीसाठी तुझ्यापुढे ठेवली. तू पानं उलटलीस. त्या पानावर थांबलास. पुन्हा पहिल्यापासून वाचलंस. मग मान वर करून माझ्याकडे बघितलंस, मी खिडकीकडे बघत होतो तरी मला ते कळलं. ओरडला असतास तर मी मुकाट्यानं पुन्हा टाइप केलं असतं, आईशप्पथ. तू म्हणालास, "बरं," आणि सही केलीस.

मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग तुझा संताप आला. कसला हा माणूस, म्हटलं, स्वतःची ओळ डोळ्यांदेखत नाहीशी झाली तरी बरं म्हणतो! नंतरची कितीतरी वर्षं मी तुला भेकड म्हणत राहिलो, बाल्कनीत, बसमध्ये, तुझ्याच घरी तुझाच चहा पिताना. तू ऐकून घ्यायचास. एकदा वहिनी म्हणाल्या, "भावजी, पुरे की आता," तर तूच त्यांना गप्प केलंस. सुलभाच्या लग्नात अक्षता टाकायला तू सगळ्यांच्या पुढे होतास. तिच्या साहेबांनी, म्हणजे अत्तरदाणीनं, चांदीचा करंडा दिला तेव्हा माझ्या शेजारी उभा राहून तू म्हणालास, "पोरगी सुखात आहे ना, झालं." मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं होतंही. मी बोलत नाही म्हणून तू बोलला नाहीस, की तुलाही ती ओळ गेल्याचं मनातून बरंच वाटलं होतं? माझ्या मुलीसाठी गप्प बसलास की तुझ्या खुर्चीसाठी? एवढा एकच प्रश्न होता, आणि आपण दोघं एका जिन्यात राहत होतो.

धोरण आलं. गुळगुळीत पुस्तिका, मुखपृष्ठावर नथ घातलेली, हात जोडलेली एक हसरी बाई, मेकअपसकट. आत लिहिलं होतं, सर्व संबंधितांशी विचारविनिमय करून. ते सर्व संबंधित मला ठाऊक आहेत. कोण पाण्याबरोबर घेतो आणि कोण सोड्याबरोबर, तेही ठाऊक आहे. किनाऱ्याला तारेचं कुंपण पडलं, पाटी लागली, धक्क्यावर मचवे लावायला बंदी आली. केंद्र काही झालं नाही. होणारही नव्हतं, सवलती मिळाल्या, त्या शहरातल्या हॉटेलांना लागल्या आणि पाटी गंजली. पण बंदी राहिली, कारण बंदी उठवायला नवी शिफारस लागते. चारही घरांच्या चुली पाहुण्यांसाठी पेटायच्या थांबल्या. दोन वर्षांपूर्वी तुर्भ्यावरून जाताना बसच्या खिडकीतून तू कांदा-बटाटा मार्केटकडे बोट दाखवलंस आणि म्हणालास, बारकूबाई तिथं कांदे निवडायला येते. तू जाऊन चौकशी केली होतीस म्हणजे. मी विषय बदलला.

आज सकाळी मी तिथं गेलो. गाळ्यांच्या रांगा, धूळ, उडणारी सालपटं, हमालांची आरडाओरड. एका गाळ्यापुढे सात-आठ बायका पोत्यांवर बसून कांदे निवडत होत्या. ती म्हातारी झालीय. मला तिनं ओळखलं, मी तिला ओळखायच्या आधी.

"तुमी टायपवालं."

मी म्हटलं, हो. तू गेल्याचं सांगितलं.

तिचे हात थांबले नाहीत. "गेला का? मेल्या मानसाला वंगाळ बोलू नये, पन मी लय शिव्या घातल्या त्याला. जेवला नि लिवलं नाय. रोज घातल्या. कुंपन दिसलं का घालायची."

"त्यानं लिहिलं होतं," मी म्हणालो. "तुम्ही आला होतात त्याच दिवशी. शाईनं लिहिलं होतं, सहीसकट. मी ते काढलं. माझ्या मुलीची नोकरी होती."

आता ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. शेजारच्या बायकाही थांबल्या. मी तिथं त्या धुळीत उभा, इस्त्रीचा सदरा घालून.

"म्हंजी त्यानी लिवलं व्हतं?"

"हो."

"मंग त्या मानसाला मी फुकट शिव्या घातल्या येवडी वरसं." हातातला एक सडका कांदा तिनं बाजूला टाकला. "तुमाला घालाया पायजे व्हत्या."

"घाला," मी म्हणालो. खरंच म्हणालो, भाल्या. त्यासाठीच गेलो होतो. तिनं चारचौघांत माझा उद्धार करावा, तुझ्या नावावर साचलेलं सगळं माझ्या डोक्यावर ओतावं, आणि मग मी मोकळा होऊन घरी यावं, असं काहीतरी मनात धरून गेलो होतो.

मागे ट्रकनं हॉर्न दिला. मुकादमानं हाक मारली. तिनं पदर खोचला, गुडघ्यावर हात टेकून उठली.

"आता येळ नाय," ती म्हणाली. "गाडी आलीय."

आणि ती गेली. मी बराच वेळ तिथं उभा होतो, ट्रक खाली होईपर्यंत. तिनं पुन्हा वळून बघितलं नाही. तुला निदान रोज शिव्या मिळाल्या, भाल्या. मला एकही दिली नाही तिनं.